वन्सं आणि नळीच्या कुरडया

शुक्रवार, १६ मे १९९७. सकाळपासून ऊन फार. वन्संनी भिजवलेला गहू शेजारी रंगूबाईंकडे पोचवला. कुरडया आता त्या घालतील. वन्सं दुपारी जेवल्या नाहीत. चारला मात्र दोन आंबे खाल्ले. फ्रेनीचा फोन आला, कृती लिहून घेतली. चक्का टांगला. वन्संची ट्रंक माळ्यावरून काढून दिली. त्या रविवारच्या एसटीने वणीला जातात. गवळी यादव यास सांगितले, सोमवारपासून दूध अर्धा लिटर कमी.

उज्वलाबाईंच्या डायरीत घडलेलं तेवढं असे, वाटलेलं नसे. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी लहानपणी लावलेली ती शिस्त होती. त्यामुळे त्या शुक्रवारच्या पानावर गहू आला, आंबे आले, ट्रंकसुद्धा आली. पण भांडण काही आलं नाही. आणि भांडण तर चांगलं दणदणीत झालं होतं. गच्चीवरून.

आता वन्सं कोण, हे आधी सांगायला हवं. चंद्रभागाबाई म्हणजे उज्वलाबाईंच्या यजमानांची थोरली बहीण. सासर वणीचं. नवऱ्याचं देवीच्या भाविकांसाठी नारळ-बांगड्यांचं दुकान होतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, दुकान पुतण्यांकडे गेलं. पाच वर्षांपूर्वी भाऊ वारला तेव्हा त्या नाशिकला दिवसांसाठी म्हणून आल्या. तेरावा झाला, चौदावा झाला, आणि पंधराव्या दिवशी त्यांनी गच्चीवर जाऊन चारही बाजूंनी ऊन बघितलं. "इथं सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत ऊन राहतं," त्या खाली येऊन म्हणाल्या. "आणि तुम्ही नुसते कपडे वाळवता?"

त्या दिवसापासून कॉलेज रोडमागच्या त्या घराची गच्ची वन्संची झाली.

वाळवण सगळ्याच बायका घालतात. वन्सं मात्र जी वस्तू समोर येईल ती वाळवत. पापड, सांडगे, कुरडया, कैरीच्या फोडी हे तर झालंच. त्यांनी मेथी वाळवली, गवार वाळवली, लासलगावचा कांदा वाळवला. एका वर्षी द्राक्षं स्वस्त झाली म्हणून घरच्या घरी बेदाणे केले. ते इतके आंबट झाले की पोस्टमनला एक वाटी दिली तर त्यानं पुढचे दोन आठवडे पत्रं फाटकावरूनच टाकली. पावसात भिजलेली टेलिफोन डिरेक्टरी त्यांनी वाळवली. उज्वलाबाईंचं चामड्याचं पाकीट वाळवलं, आणि ते भाकरीसारखं फुगलं.

एकदा तर खुद्द डायरीच बादलीत पडली. वन्संनी ती उचलली, गच्चीवर नेली, आणि पापड उलटावेत तसं एकेक पान उलटत दोन दिवस उन्हाला बसल्या. डायरी अशी वाळली की पानं कुरकुरीत वाजायला लागली. ती परत देताना वन्सं एवढंच म्हणाल्या, "बारा फेब्रुवारीला माझी आमटी खारट नव्हती."

अशा वन्संचा एकच नियम होता, आणि तो त्यांच्या सासूचा होता. गच्चीवर काही वाळत असेल तर घर सोडायचं नाही. मग लग्न असो, बारसं असो, दारात टांगा उभा असो. "अन्न उन्हात टाकून निघून जायचं? ते काय म्हणेल?" असं त्या विचारत. सांडगे काय म्हणतील हे उज्वलाबाईंना कधी सुचलं नाही. मात्र हा नियम पुतण्याला चांगला ठाऊक होता. तो दर उन्हाळ्यात न्यायला येई, आधी मान वर करून गच्ची बघे, आणि चहा पिऊन परत जाई.

भांडण झालं ते असं. देवळाली कॅम्पातल्या कॉन्व्हेंटात उज्वलाबाईंबरोबर शिकलेल्या सहाजणी दर मे महिन्यात एकेकीच्या घरी जमत. प्रत्येक वेळी एखादा गार पदार्थ असे. गेल्या वर्षी कॅम्पातल्या पारशी फ्रेनीनं गार कस्टर्ड केलं होतं, त्याआधी शरणपूरच्या मार्थाबाईंनी जेली. यजमान गेल्यापासून उज्वलाबाईंनी कुणालाच बोलावलं नव्हतं. यंदा त्यांनी आपणहून सांगितलं, या. बसायचं गच्चीवर, पाचनंतर, वारा सुटतो तेव्हा.

आणि मग त्या वन्संना म्हणाल्या, "वन्सं, यंदा शनिवारपर्यंत गच्ची मोकळी हवी."

वन्संचा गहू तिसऱ्या पाण्यात होता. दुसऱ्या दिवशी वाटून, पिळून त्याचा चीक घ्यायचा, शिजवायचा, आणि सोऱ्यातून कुरडया पाडायच्या, असं सगळं ठरलेलं.

"मोकळी म्हणजे?"

"म्हणजे मोकळी. माझ्या मैत्रिणी काय कुरडयांवर बसतील?"

"त्यांना खुर्च्या नाहीत का?"

"वन्सं, सारखं काय हो गच्ची, गच्ची! वर्षभर तुमचीच तर असते. एक दिवस मला माझ्या घरात माझी गच्ची मिळू नये?"

'माझ्या घरात' हे शब्द तोंडातून गेले आणि उज्वलाबाईंना कळलं की ते परत घेता येणार नाहीत. वन्संनी गव्हाचं पातेलं उचललं, फडक्यानं झाकलं, आणि रंगूबाईंच्या दारात नेऊन ठेवलं. परत येऊन म्हणाल्या, "ट्रंक काढून दे. तुझ्या मैत्रिणी येऊन गेल्या की मी वणीला. कायमची."

पाच वर्षांत वन्सं 'जाते' असं पुष्कळदा म्हणाल्या होत्या. ट्रंक कधी मागितली नव्हती. आणि पाच वर्षांत पहिल्यांदाच ऐन मे महिन्यात गच्ची रिकामी होती. उज्वलाबाईंनी ट्रंक काढून दिली, कारण त्यांनाही राग आलेला होता. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र पलीकडच्या खोलीतलं घोरणं ऐकताना त्यांच्या मनात आलं, सोमवारी हे घोरणं नसेल. मग त्यांनी कूस बदलली, आणि त्या घोरण्यानं झोप येत नाही म्हणून चिडल्या.

शनिवारी सकाळी त्या पास्त्याच्या मागे लागल्या. फ्रेनीनं कॅम्पातल्या बाजारातून मॅक्रोनीचे दोन पुडे पाठवले होते. तिथं फौजेतल्या घरांसाठी असलं काहीबाही मिळतं. वाकड्या, आखूड, पोकळ नळ्या. कृती फ्रेनीनं फोनवर सांगितली होती.

"अगं उज्जू, एकदम सोपा आहे. उकळायचा, गाळायचा, गार करायचा. मग अंड्याचा मेयोनीज घालायचा ने फ्रिजमध्ये ठेवून द्यायचा."

"आमच्याकडे अंडं नाही चालत."

"तर मग तुझा तो श्रीखंडवाला माल घाल!"

म्हणून चक्का टांगलेला होता. उज्वलाबाईंनी तो साईबरोबर घुसळला. त्यात मोहरीची पूड, मिरपूड, मीठ, चिमूटभर साखर आणि लिंबू घातलं, काकडी आणि ढोबळी मिरची बारीक चिरून मिसळली. बोट बुडवून चाखलं. वा! फ्रेनीच्या कस्टर्डनं तोंडात बोट घालावं असं झालं होतं. ते पातेलं फ्रिजमध्ये गेलं.

एक पुडा मॅक्रोनी उकडून त्यांनी रोवळीत निथळत ठेवली, वरून गार पाणी ओतलं, एक चमचा तेल चोळलं. दुसरा पुडा लागला तर असावा म्हणून कपाटात, रव्याच्या डब्यामागे. पहिल्या पुड्याचा रिकामा कागद कचऱ्यात. वन्सं त्या वेळी आपल्या खोलीत लुगड्यांच्या घड्या घालत होत्या, आणि घड्या घालण्याचा आवाज होत नसतानाही तो घरभर ऐकू येईल अशा रीतीनं घालत होत्या.

साडेअकराला उज्वलाबाई दाराशी आल्या. "वन्सं, मी रविवार कारंजावर बाजारात जाऊन येते. बर्फ आणायचा आहे आणि अननसाचा डबा."

वन्संनी पुढचं लुगडं उचललं.

"रोवळीत निथळत ठेवलंय ते असू दे. गार होऊ दे."

उज्वलाबाई चप्पल घालून गेल्या.

डबा लगेच मिळाला. बर्फवाल्याचं दुकान मात्र बंद होतं; तो जेवायला गेला होता आणि जेवून झोपला होता. तो उठेपर्यंत त्या समोरच्या पायरीवर बसल्या. मग गोणपाटात गुंडाळलेली लादी रिक्षात पायाशी घेऊन निघाल्या तर रिक्षावाला म्हणाला, "आजी, माझी गाडी गळतेय का तुमचं सामान?" घरी पोचेपर्यंत तीन वाजून गेले होते, लादीची वीट झाली होती आणि उज्वलाबाईंच्या चपलांतून पाणी येत होतं.

त्या स्वयंपाकघरात आल्या. रोवळी घासून, पालथी घालून ठेवलेली होती. मॅक्रोनी नव्हती.

त्यांनी फ्रिज उघडला. नव्हती. झाकणं उघडली. नव्हती. वन्संनी रागाच्या भरात गाईला घातली की काय असा विचार मनात आला आणि त्या 'वन्सं!' म्हणून ओरडणार, तोच वरून, जिन्यातून, कुणीतरी गुणगुणल्याचा आवाज आला.

वन्सं गुणगुणत होत्या.

उज्वलाबाई बर्फाची वीट हातात घेऊनच जिना चढल्या. वर जाऊन बघतात तो काय! गच्चीवर सासऱ्यांचं जुनं धोतर अंथरलेलं, त्याच्या चार कोपऱ्यांवर चार विटा, आणि त्या धोतरावर एकेक सुटी, ओळीत लावलेली, वाकडी बाजू सगळ्यांची एकाच दिशेला केलेली मॅक्रोनी. कावळ्यांसाठी मधोमध काठीला काळं फडकं. आणि कडेला काळ्या छत्रीखाली, स्टुलावर, डोक्यावर ओला पंचा घेऊन वन्सं. हात लावून बघायची गरजच नव्हती. नाशिकचं मेमधलं ऊन तीन तास लागलेलं. मॅक्रोनी शर्टाच्या बटणासारखी झाली होती.

उज्वलाबाईंनी तोंड उघडलं.

"आलीस?" वन्सं म्हणाल्या. त्यांचा चेहरा उन्हानं लाल झाला होता आणि तो हसत होता. दोन दिवसांत पहिल्यांदा. "अगं, सांगायचं नाही का मला! रंगूबाईकडून परत आणलास ना माझा गहू? कधी चीक घेतलास, कधी शिजवलास, मला पत्ताच नाही! मी तिकडे लुगड्यांच्या घड्या घालत बसले."

उज्वलाबाईंचं तोंड उघडंच राहिलं.

"आणि ह्या कुठल्या साच्याच्या म्हणायच्या? आतून पोकळ! मी तर चक्रावलेच. सुटसुटीत पाडल्यास, पण बाई गं, कुरडई कशी एकात एक गुंतलेली हवी. असू दे. पहिल्यांदा पाडल्यास तू जन्मात. आणि रोवळीत घालून घरात ठेवतात का? बुरशी येईल! म्हटलं, हिनं माझ्यासाठी एवढं केलं आणि आता नेमकं सावलीत ठेवून नासवते की काय." वन्संनी पंच्याचं टोक डोळ्यांना लावलं. घाम होता की काय होतं ते कळलं नाही. "मला वाटलं होतं, तू मला घालवायलाच बसलीस."

बर्फाचं पाणी उज्वलाबाईंच्या कोपरावरून ठिबकत होतं. फ्रिजमध्ये पातेलंभर चक्का वाट बघत होता. पाचला सहाजणी येणार होत्या. खरं सांगायचं तर एकच वाक्य पुरेसं होतं. पण त्या वाक्याच्या दुसऱ्या टोकाला ती ट्रंक होती, हे उज्वलाबाईंना स्पष्ट दिसलं.

"साचा नवीन आहे," त्या म्हणाल्या. "कॅम्पातून आणला."

"वाटलंच मला. मराठी साचा नाही तो."

खाली येऊन उज्वलाबाईंनी बर्फ ठेवला आणि टेबलाला धरून विचार केला. दुसरा पुडा होता. पण तो फोडायचा तर वन्संच्या नाकासमोर फोडावा लागणार, कारण वन्सं आता पाठोपाठ खाली आल्या होत्या आणि आनंदानं नुसत्या उतू जात होत्या. चीक प्लॅस्टिकच्या पुड्यात येत नाही, एवढं त्यांना नक्कीच कळलं असतं.

"काय खायला घालणार तुझ्या त्या मॅडमांना?" वन्संनी विचारलं.

"चक्क्याचं... एक गार कालवण आहे."

"नुसतं? त्याबरोबर काय?"

उज्वलाबाईंनी फ्रिजचं दार उघडलं आणि पुन्हा लावलं.

"मग ह्याच तळू की!" वन्सं म्हणाल्या. "कडकडीत झाल्यात. कळू दे कॅम्पातल्या बायकांना कुरडई काय असते ती. टाक तेल."

आणि गार पदार्थाच्या संमेलनासाठी, मे महिन्यातल्या दुपारी चार वाजता, उज्वलाबाईंनी गॅसवर तेलाची कढई ठेवली.

पहिला घाणा पडला तेव्हा दोघीही मागे सरल्या. नळ्या फुटाण्यासारख्या तडतडू लागल्या. ज्या आतून थोड्या ओल्या राहिल्या होत्या त्यांनी कढईतून उड्या घेतल्या. एक फ्रिजवर गेली, एक वन्संच्या अंबाड्यात अडकली आणि संध्याकाळपर्यंत तिथंच राहिली. वन्संनी झारा ढालीसारखा धरला. "चिवट आहे हं तुझा गहू!" त्या ओरडल्या. पण ज्या तळल्या गेल्या त्या सोनेरी, फुगलेल्या, तोंडात टाकल्या की कुर्र वाजणाऱ्या. वन्संनी एक खाल्ली, डोळे मिटून चावली, आणि निकाल दिला, "कुरडईसारखी अगदीच नाही. पण वाईट नाही."

पाच वाजता सहाजणी आल्या. गच्चीवर सतरंजी, खुर्च्या, वारा. उज्वलाबाईंनी प्रत्येकीच्या काचेच्या वाटीत गार चक्का घातला, वर अननस, आणि त्यावर तळलेल्या नळ्यांचा डोंगर. वन्सं नवं लुगडं नेसून मानानं मधल्या खुर्चीत बसल्या होत्या. एरवी घरी कुणी आलं की त्या आपल्या खोलीत बसत. आज पहिल्यांदाच चारचौघींत आल्या होत्या.

फ्रेनीनं वाटी हातात घेतली. चष्मा वर केला. चष्मा खाली केला. एक नळी चिमटीत धरून उजेडाकडे धरली.

"उज्जू, हे तर..."

"कुरडया," वन्सं म्हणाल्या. "उज्वलानं केल्यात. मी वाळवल्या."

"कुरडया?" फ्रेनीची भुवई चढली. "पण डिकरी, ही तर मी..."

फ्रेनी म्हणजे एकदा सुरू झाली की थांबायची नाही, हे उज्वलाबाईंना तिसरीपासून ठाऊक होतं. त्यांना एकच उपाय सुचला. त्या ताडकन उभ्या राहिल्या आणि सिस्टर मोनिका जशी म्हणत असे तशा कडक आवाजात गरजल्या, "गर्ल्स! ग्रेस!"

पंचेचाळीस वर्षं झाली असतील त्या हाकेला. पण सहाच्या सहा बायका वाट्या ठेवून उभ्या राहिल्या. दोघींचे गुडघे वाजले. हात जोडले गेले, डोळे मिटले गेले, आणि मार्थाबाईंनी वरच्या पट्टीत जेवणाआधीची इंग्रजी प्रार्थना सुरू केली. बाकीच्या मागून. उज्वलाबाई फ्रेनीला खेटून उभ्या राहिल्या आणि त्याच चालीवर, डोळे मिटून, हळूच म्हणत गेल्या, "फ्रेनी गप्प बस, फ्रेनी गप्प बस, कुरडई म्हण, नाहीतर माझी नणंद जाईल..."

"आऽऽमेन," मार्थाबाईंनी लांबवलं.

"आमेन," फ्रेनी म्हणाली आणि डोळे उघडले. "वा! काय कुरडई आहे!"

वन्संनीही डोक्यावरून पदर घेऊन हात जोडले होते. त्या उज्वलाबाईंकडे वळल्या. "हे असं म्हणायचं असतं तर पाच वर्षांत मला एकदाही सांगितलं नाहीस. मी नुसतीच जेवत बसले."

त्यानंतर मात्र फ्रेनीनं फारच जोर धरला. "अशी कुरडई तर मी आख्ख्या लाइफमध्ये नाही खाल्ली! वन्संबाई, मला रीत सांगा ना." आणि पर्समधून पेन्सिल काढून ती बसली. वन्संनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, पाट्यावर वाटायचा, पंच्यातून पिळायचा. फ्रेनी प्रत्येक वाक्याला "अच्छा, अच्छा" करत लिहीत होती आणि तिचे खांदे हलत होते. मार्थाबाईंनी दोनदा वाढून घेतलं. "गार आणि कुरकुरीत एकदम!" त्या म्हणाल्या. "फ्रेनी, तुझ्या कस्टर्डमध्ये हे नव्हतं." फ्रेनीचे खांदे हलायचे थांबले.

एकूण सगळं निभावलं. सातच्या सुमाराला उज्वलाबाई आणि वन्सं दोघी फाटकापर्यंत पोचवायला गेल्या. रिक्षा सुरू झाली. आणि फ्रेनीनं, जिला दोन तास गप्प बसणं जन्मात कधी जमलं नव्हतं, रिक्षातून डोकं बाहेर काढलं.

"उज्जू! दुसरा पुडा राहिला असेल तर तो उकळून तसाच खा हं! वाळवू नको!"

रिक्षा गेली. फाटकाशी दोघी उभ्या. वन्सं तडक आत वळल्या.

उज्वलाबाईंनी फाटकाला कडी घातली, काढली, पुन्हा घातली. मग त्या आत गेल्या. पॅसेजमध्ये ट्रंक तशीच होती, झाकण उघडं. त्यांना वर जाऊन बघायची गरज नव्हती. वर सतरंजीशिवाय काही नव्हतं. वाळवलेलं सगळं तळून संपलं होतं. वन्संना थांबवणारं गच्चीवर काही म्हणजे काही उरलं नव्हतं.

स्वयंपाकघरात वन्सं कपाटापुढे उभ्या होत्या. रव्याचा डबा खाली, आणि हातात पुडा. तो त्या दिव्याखाली धरून बघत होत्या. पुड्यावर एका हसऱ्या बाईचं चित्र होतं.

"उज्वला."

"अं."

"माझा गहू रंगूबाईकडेच आहे ना?"

"आहे."

"म्हणजे दुपारी मी वाळत घातलं ते तुझं पाहुणीखाणं होतं."

"हो."

"आणि तू तेव्हापासून एक अक्षर बोलली नाहीस?"

"तुम्ही छत्री घेऊन बसला होता," उज्वलाबाई म्हणाल्या.

वन्संनी चित्र आणखी जवळ घेतलं. "ही बाई तर ओल्याच खातेय. वाटीत घेऊन. वाळवलेल्या दिसत नाहीत."

उज्वलाबाईंनी पुढे होऊन त्यांच्या हातातून पुडा घेतला. मोठं पातेलं काढलं, पाणी भरलं, गॅसवर ठेवलं. कात्रीनं पुड्याचं टोक कापलं.

"तिला गच्ची नसेल," त्या म्हणाल्या.

वन्सं बघत राहिल्या. पातेल्याकडे, मग उज्वलाबाईंकडे, मग पुन्हा पातेल्याकडे. त्यांचा खालचा ओठ हलला. मग त्यांनी पदर तोंडात कोंबला, पण उपयोग झाला नाही. हसू नाकातून आलं. त्या ओट्याला धरून हसल्या, खाली बसून हसल्या, उचकी लागली तेव्हा पाणी पिऊन हसल्या. हसताना अंबाड्यातली नळी निसटून जमिनीवर पडली, तेव्हा उज्वलाबाईही त्यांच्याशेजारी बसल्या, कारण उभं राहणं त्यांनाही जमेना.

"पाणी खळखळलं बघ," वन्सं शेवटी डोळे पुसत म्हणाल्या. "मीठ टाक. आणि तेल नको चोळू या वेळी. सकाळी सातलाच घालू, म्हणजे पूर्ण ऊन मिळेल. जाड आहेत ह्या. नीट वाळायला दोन उन्हं तरी लागतील."

"दोनच?"

वन्संनी खिडकीतून बाहेर बघितलं. आभाळ अगदी स्वच्छ होतं.

"ढग आले तर तीन," त्या म्हणाल्या. "आणि मग रंगूबाईकडच्या बघायला हव्यात. ती बाई कुरडया उलटतच नाही."

उज्वलाबाईंनी मॅक्रोनी पाण्यात सोडली. मग हात पुसून त्या टेबलाशी बसल्या आणि त्या दिवसाचं पान काढलं. सहाजणी आल्या हे लिहिलं, बर्फ लिहिला, अननस लिहिला, तेल किती लागलं तेही लिहिलं. मग शेवटची ओळ लिहिली.

गवळी यादव यास निरोप धाडला, दूध कमी करू नये.